चांदीचा थर आणि दारावरचा कागद

डॉक्टर मॅडमनी आधी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाल्या, "बसा. उभ्यानं ऐकू नका." उभ्यानं ऐकता येत नाही असं काय असतं?

"गोदाला ल्युकेमिया आहे," त्या म्हणाल्या.

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. शब्द कळला नाही. मी विचारलं, "औषध आहे का त्याला?"

"आहे. पण आधी काय आहे ते समजून घ्या. हा रक्ताचा कॅन्सर आहे. तिला जो प्रकार झालाय, त्यातून बरीच मुलं बरी होतात. आपण तिला बरं करायचं म्हणूनच सुरुवात करतोय."

मी त्यातला 'कॅन्सर' तेवढा ऐकला. माझ्या बायकोनं, कांतानं, 'बरी होतात' तेवढं ऐकलं. बाहेर आलो तेव्हा आम्ही दोघं दोन वेगळ्या डॉक्टरांना भेटून आल्यासारखे एकमेकांकडं बघत होतो.

गोदा सहा वर्षांची होती. बाहेरच्या बाकावर बसून पाय हलवत होती आणि समोरच्या भिंतीवरच्या चित्रातली बदकं मोजत होती. "बाबा, सात बदकं आहेत, आणि एकाला डोळाच नाही," ती म्हणाली. मी म्हणालो, "बघू?" आणि जाऊन खरंच बघितलं. त्या वेळी दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

त्या बाकावर आज कुणीतरी बसलेलं असेल. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे जिंतूरकडचे, परभणी जिल्ह्यातले. गावाकडं काम नव्हतं म्हणून वरवे बुद्रुकला आलो. हायवेला लागून पत्र्याची एक शेड होती, तिथं मी स्प्रे मारायचं काम करायचो. लोखंडी कपाटं, पंख्यांची पाती, खिडक्यांचे गज. नात्यागोत्याचं माणूस शंभर कोसांत नाही. राहायला एक खोली होती, हमीदाभाभींच्या घराच्या मागं.

हमीदाभाभी म्हणजे आमच्या घरमालकीण. मूळच्या भोर शहरातल्या. त्यांचे मालक रशीदभाई टेम्पो चालवायचे. भाभींनी लग्नाआधी आणि नंतरही भोरच्या एका प्रसूतिगृहात नऊ वर्षं आया म्हणून काम केलेलं. पोरबाळ नव्हतं. गोदा जन्मली तेव्हापासून ती निम्मी त्यांच्याच ओट्यावर वाढली. त्यांना ती चाची म्हणायची.

आजाराची सुरुवात मला कळलीच नाही, हे आधी कबूल करतो. तिला ताप यायचा, जायचा. दुपारी खेळायचं सोडून झोपायची. नडग्यांवर निळे डाग दिसायला लागले. मी विचारलं, "कुठं पडलीस?" ती म्हणाली, "पडले नाही." मी म्हणालो, "खोटं बोलतेस का?" आणि रागावलो. ते बोल अजून कानात आहेत. मुलाच्या अंगावर मार न लागता डाग पडत असतील तर रागावू नका, रक्त तपासा. मग एक दिवस दात घासताना रक्त आलं आणि थांबेना. नसरापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "प्लेटलेट फार कमी आहेत. आजच पुण्याला जा." प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. त्या कमी झाल्या की आतल्या आत रक्त झिरपतं. डाग त्याचे होते.

पुण्यात बोन मॅरो तपासलं. म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढतात. मॅडम म्हणाल्या, "रक्त तयार होतं ती भट्टी तिथं आहे. भट्टीच बिघडली आहे." गोदाला झोपेचं औषध दिलं होतं. तिला काही कळलं नाही. बाहेर उभं राहून मला कळत होतं.

उपचार अडीच वर्षांचा. पहिला महिना सगळ्यात कठीण. त्याला इंडक्शन म्हणतात. शिरेतून औषधं, पाठीच्या मणक्यातून औषध, आणि रोज स्टेरॉइडच्या गोळ्या. गोळ्यांनी तिचा चेहरा पुरीसारखा फुगला आणि भूक अशी लागायची की जेवण संपायच्या आत पुढच्या जेवणाचं विचारायची. "चाचीच्या हातची भाकरी कधी?" हे दिवसातून दहादा.

दोन आठवड्यांनी मॅडम म्हणाल्या, "आता थोडे दिवस घरी न्या. पण नीट ऐका. तिचे न्यूट्रोफिल फार कमी आहेत." न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींमधले पहारेकरी. जंतू आत आला की ते त्याला धरतात. "आत्ता पहारेकरीच नाहीत. तुम्हा-आम्हाला ज्यानं शिंकही येणार नाही, त्यानं ती आजारी पडेल. हात धुवा. उकळलेलं पाणी, ताजं गरम जेवण, कच्चं काही नाही. घर ओल्या फडक्यानं रोज पुसा. आणि ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला की घरी गोळी देऊन वाट बघायची नाही. निघायचं."

मी सगळं ऐकलं, पण डोक्यात वेगळंच चाललं होतं. मला वाटलं, पुसणं ही साधी गोष्ट झाली. माझ्याकडं त्याहून भारी इलाज आहे.

ते कसं, ते सांगतो. त्या वर्षी आमच्या शेडला एक नवं काम मिळालं होतं. नॅनो कोटिंग. लोकांना वाटायचं ती गाडी. नॅनो म्हणजे अतिशय बारीक. चांदीचे इतके बारीक कण, की डोळ्याला सोडा, साध्या भिंगालाही दिसणार नाहीत. ते एका पारदर्शक द्रवात मिसळलेले असतात. ओट्यावर, कडीवर, बटणावर त्याचा फवारा मारायचा. द्रव उडून जातो, चांदीचा पातळ थर राहतो, आणि त्या चांदीनं जंतू मरतात. वेल्ह्याच्या बाजूला, पानशेतला धरणाकाठी पुण्याच्या लोकांचे बंगले आहेत, तिथं आम्ही पहिलं काम केलं. कंपनीचे इंजिनिअर साहेब शिकवायला आले होते. बंगल्याच्या स्वयंपाकघरात मी ओटा, नळ, कपाटांच्या मुठी सगळं मारलं. ते म्हणाले, "आता चोवीस तास हात लावायचा नाही. थर पक्का व्हायला हवा." मी दाराला आडवी दोरी बांधली आणि कागदावर लिहिलं, 'हात लावू नये'. माझं अक्षर बघून ते हसले, पण म्हणाले, "हे बरं केलंत."

आमच्या धंद्यात हा नियम पाळण्यासाठी वेगळं शिकवावं लागत नाही. स्प्रे मारणाऱ्याच्या अंगातच तो मुरलेला असतो. मारलेल्या कोटाला, म्हणजे रंगाच्या थराला, बोट लावायचं नाही. एका अंगठ्याच्या ठशानं अख्खं कपाट परत घासायला लागतं. मी हाताखालच्या पोरांना बोललोय, ओरडलोय, फडकं घेऊन कुणी जवळ आला तर फडकं ओढून घेतलंय.

गोदा दवाखान्यात असतानाच मी शेडच्या मालकांना विचारलं. त्यांनी उरलेली बाटली देऊन टाकली. "लेकरासाठी आहे, ने." मी एका दिवसात आमची खोली मारली. दाराची कडी, विजेची बटणं, खिडकीचे गज, फळी, पाण्याच्या पिंपाचं झाकण, गोदाची पाटी, तिच्या लोखंडी कॉटचे दांडे, शहाबादी फरशी. दारं-खिडक्या उघडी ठेवून चार दिवस वास जाऊ दिला. संध्याकाळी उन्हाची तिरीप आत आली की सगळं जरासं चमकायचं. मला खोटं वाटेल इतकं बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचा माझ्याच घराला उपयोग होत होता.

आणि दारावर मी तोच कागद लावला. 'हात लावू नये.'

गोदा घरी आली त्या सकाळी हमीदाभाभी बादली आणि फडकं घेऊन दारात आल्या. अंघोळ केलेली, नखं कापलेली, डोक्याला घट्ट रुमाल. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, दवाखान्याची सवय होती ती. म्हणाल्या, "पानी उकळून आनलंय. पयलं दाराची कडी पुसते, मग पोरीला बघते."

मी पुढं झालो. "भाभी, नका हात लावू."

"आँ?"

"कशालाच नका लावू. कोट दिलाय."

त्यांनी कागदाकडं बघितलं. त्यांना वाचता येत होतं. मग माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाल्या. "तुमचं घर." आणि बादली घेऊन परत गेल्या. बादलीतून वाफ येत होती, ते मला आठवतं.

त्यानंतर त्या आत आल्या नाहीत. भाकरी यायची, उकडलेलं अंडं यायचं, पण कांता जाऊन आणायची. गोदा विचारायची, "चाची का येत नाही?" मी सांगायचो, "तू बरी झालीस की येईल." मला खरंच वाटायचं की त्या समजून घेत असतील.

तेव्हा हायवेचं रुंदीकरण चालू होतं. दिवसभर डंपर. खिडकी लावली तरी धूळ यायचीच. पाचव्या-सहाव्या दिवशी फळीवर बोट फिरवलं तर रेघ उठेल अशी धूळ. स्वयंपाक त्याच खोलीत, त्यामुळं गजांवर फोडणीचा चिकटा. कांता फडकं ओलं करून उभी राहिली.

"पुसू का?"

"नको. घासलं की थर जाईल."

"अहो, घाण दिसती."

"घाण वर आहे. खाली चांदी आहे. ती मारते जंतू."

"खोलीचा गाभारा करून टाकलाय," ती म्हणाली. "देवाला तरी लोक रोज पुसतात." पण फडकं पिळून ठेवून दिलं. माझ्या धंद्याची गोष्ट, मला कळत असेल असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

नवव्या दिवशी दुपारी गोदा भाकरी नको म्हणाली. तेवढ्यानंच कांता उठली. थर्मामीटर लावला. एकशे एक पॉइंट दोन. गोदाचं अंग थंडीनं थरथरायला लागलं होतं.

मी खिडकीच्या गजांकडं बघत राहिलो. सगळीकडं कोट दिला, मग हा आला कुठून? कांता फाइल शोधत होती. मी म्हणालो, "एक गोळी देऊन बघू का?" तिनं असं बघितलं माझ्याकडं, की मी पोरीला उचललं.

रशीदभाईंचा टेम्पो भाड्याला गेलेला. आमचा आवाज ऐकून भाभी ओट्यावरून उतरल्या, काही विचारलं नाही, सरळ हायवेच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या आणि ओढणी काढून हलवायला लागल्या. दोन गाड्या गेल्या. तिसरा सारोळ्याकडून टोमॅटो घेऊन पुण्याला निघालेला टेम्पो होता. भाभी जवळजवळ त्याच्या पुढ्यातच गेल्या.

"थांब रं! मरायचंय का मला असं इचारू नकोस, लेकरू हाय आजारी!"

ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "अवो मावशी, गाडीखाली आला असता की!"

"न्हाई आले ना? मग चल. सीट पुसून घे आधी."

आम्ही पुढं दाटीवाटीनं बसलो. भाभीही चढल्या. गोदा कांताच्या मांडीवर होती, पण टेम्पोच्या धक्क्यांनी पोर घसरत होती. कात्रजचा बोगदा जवळ आला तेव्हा गोदानं डोळे उघडले, भाभींना बघितलं आणि दोन्ही हात त्यांच्याकडं केले.

भाभींनी हात पुढं केले नाहीत. ते त्यांनी काखेत दाबून धरले होते. सबंध रस्ता. त्या माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "धरू का?"

नऊ दिवस त्या बाईला काय वाटलं असेल, ते तेव्हा एकदम माझ्या अंगावर आलं. त्यांच्या दारावर मी कागद लावला होता. खोलीही त्यांचीच. आणि कुणाला उद्देशून लावलाय असं त्यांना वाटलं असेल, तेही. माझ्या मनात तसलं काही नव्हतं, अल्लाची किंवा माझ्या म्हसोबाची शपथ घ्यायला लावली तरी घेईन. पण कागदावर मन दिसत नाही.

"धरा भाभी," मी म्हणालो. त्यांनी धरलं. गोदा त्यांच्या छातीला डोकं लावून लगेच शांत झाली. ताप होताच, पण शांत झाली.

दवाखान्यात पोचताच सलाईन, रक्ताच्या बाटल्या, अँटिबायोटिक. मॅडम म्हणाल्या, "याला फेब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणतात. पहारेकरी नसताना आलेला ताप. तुम्ही वेळेत आणलंत." ब्लड कल्चर पाठवलं. म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात कुठला जंतू वाढतो ते बघतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात. ते दिवस मी कसे काढले ते लिहिता येत नाही. वॉर्डाबाहेरच्या फरशीतले काळे ठिपके मला पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी राउंड झाल्यावर मी मॅडमच्या मागं गेलो. म्हणालो, "मॅडम, माझ्याकडून चूक झालीय का ते सांगा." आणि सगळं सांगितलं. चांदी, कोट, कागद, धूळ.

त्या हसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "पुसत होतात का वरून?"

"नाही. कोटाला फडकं लावत नाहीत."

"कोण म्हणालं?"

"आमच्या धंद्यात तसंच असतं."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि काचेवर अंगठा दाबला. ठसा उमटला. "ही काच म्हणजे तुमची चांदी समजा. जंतू चांदीला चिकटला, काही वेळ राहिला, तर मरेल. पण मध्ये हे तेल, ही धूळ आली की जंतू त्या धुळीवर बसतो. त्याला खालची चांदी लागतच नाही. तुमचा थर गोधडी घेऊन झोपलाय." मग चष्मा साडीच्या पदरानं पुसून परत घातला. "या कोटिंगचं मला फारसं माहीत नाही. नवं आहे. असलं तर असू द्या. पण ते पुसण्याऐवजी नाही. आणि हातांना तर कोट देता येत नाही ना? ते धुवायलाच लागतात."

मी खाली जाऊन फोनच्या बूथवरून इंजिनिअर साहेबांना फोन लावला. पानशेतला त्यांनी दिलेला नंबर पाकिटात होता. ते ऐकून घेत गेले आणि मग म्हणाले, "अहो, मी चोवीस तास म्हणालो होतो. चोवीस तास! नंतर ओल्या मऊ फडक्यानं पुसायचंच असतं. घासणी तेवढी लावायची नाही. तुम्ही किती दिवस ठेवलंत?"

"नऊ. गोदा यायच्या आधीचे धरले तर तेरा."

मग ते म्हणाले, "मुलगी कशी आहे?"

मला 'चोवीस तास' आठवत होतं, विसरलो नव्हतो. पण मी मारलेली कपाटं चोवीस तासांनी गाडीत चढून निघून जायची. त्यानंतर लोक ती पुसतात का, कशानं पुसतात, ते मी वीस वर्षांच्या कामात कधी बघितलंच नव्हतं. माझ्यापुरता कोट कायम ओलाच असायचा.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला. मी मॅडमसमोर हात जोडून उभा होतो. पोरीला माझ्या खोलीतल्या धुळीनं पाडलं, हे ऐकायची तयारी केली होती.

त्या म्हणाल्या, "हा जंतू पोटातला आहे. प्रत्येकाच्या आतड्यात असतो, तुमच्या, माझ्या. पहारेकरी कमी झाले की तो आतूनच रक्तात शिरतो. कडीवरून आला नाही, भाभींच्या हातातून आला नाही, धुळीतून आला असं मला वाटत नाही. तुम्ही कोट दिला असता, नसता, तरी हा ताप येऊ शकत होता."

"मग माझी चूक?"

"पुसलं नाहीत ही चूक. तिच्यामुळं ताप आला असं मात्र नाही. दोन्ही वेगळं ठेवा. आता घरी गेल्यावर पुसा, आणि स्वतःला मारत बसू नका. आजारी मुलाच्या घरात तेवढी ताकद फुकट घालवायची नसते."

हे मी जसंच्या तसं लिहिलंय, कारण मला त्याचा फार आधार झाला. तुमच्या पोराला ताप आला तर तुम्हीही शोधत बसाल, कुणी शिंकलं, कुणी दार उघडं ठेवलं. नका शोधू. गाडी शोधा.

चौथ्या दिवशी ताप उतरला. आठवड्यानं पेशी वाढायला लागल्या. गोदानं पहिलं वाक्य काय बोलावं? "भाकरी आणली का?"

तिला आणायच्या आदल्या दिवशी मी एकटाच पुढं आलो. भाभी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आधी दारावरचा कागद काढला. मग आमची बादली आणि एक नवं फडकं घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"भाभी, कसं पुसायचं ते दाखवा."

त्यांनी सुपातून नजर वर केली नाही. "आमाला काय इचारता पेंटरसायेब. तुमच्या चांदीला आमचा हात चालंल का?"

"भाभी..."

"न्हाई, इचारते आपलं. कागूद हाय म्हनून."

"काढला."

"काढला व्हय." एक खडा सापडला, तो लांब फेकला. "मला वाटलं, गावाकडच्या कुनी काय सांगितलं तुमाला. मालकांस्नी म्हनलं, सा वरसं पोर माझ्या मांडीवर हागली, आन आता हात लावू नये." त्यांनी सूप बाजूला सारलं. मग लगेच चिडून म्हणाल्या, "उभं काय ऱ्हायलाय? पानी ठेवा उकळाय!"

मग त्यांनी दाखवलं. दोन फडकी. एक साबणाच्या पाण्याचं, एक साध्या उकळलेल्या पाण्याचं. वरून सुरुवात, खाली शेवट. आधी स्वच्छ जागा, मग घाण, उलटं कधी न्हाई. कडी, बटणं, कॉटचे दांडे, जिथं हात जातो तिथं दोन वेळा. फडकं पिळून उन्हात वाळत, घरात वाळत घालायचं नाही. "भोरला आमच्या मोठ्या नर्सबाई बोटं मोजून शिकवायच्या," त्या म्हणाल्या. नऊ वर्षं बाळंतिणींच्या खोल्या पुसलेली बाई माझ्या शेजारी राहत होती, आणि तिला मी दारातून परत पाठवलं होतं. मी गज पुसला. फडक्यावर काळी पट्टी आली आणि खालचा गज पुन्हा चमकला. भाभी म्हणाल्या, "हां. आता दिसली तुमची चांदी."

पुढची दोन वर्षं सोपी नव्हती. आणखी दोनदा ताप आला, दोनदा आम्ही निघालो, दोन्ही वेळा गोदा भाभींच्या मांडीवर बसून गेली. केस गेले, परत आले, आधीपेक्षा कुरळे. मी घाबरट आहे तो आहेच. अजून तिनं शिंक दिली तरी हातातली स्प्रेगन खाली ठेवतो. पण कुणाच्या हाताला घाबरत नाही.

शेवटची गोळी संपली त्या दिवशी मॅडमनी वॉर्डातली पितळी घंटा, उपचार संपलेलं मूल वाजवतं ती, तिला वाजवायला दिली. घरी आलो तर भाभी दारात, नळावर हात धुऊन, ओले पंजे वर करून उभ्या. दोन वर्षांत ती त्यांची सवयच झाली होती. आत यायच्या आधी पंजे दाखवायचे. "धुतलेत बरं का, पेंटरसायेब."

मॅडमचे, नर्सबाईंचे, बाटली देणाऱ्या मालकांचे, त्या टोमॅटोच्या ड्रायव्हरचे उपकार आहेतच, ज्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. आईबापांनंतर कुणाचे असतील तर हमीदाभाभींचे.

जुना कागद मी टाकला नव्हता, ट्रंकेत ठेवला होता. गोदा दुसरीत गेल्यावर तिला तो सापडला. तिनं मला विचारलं, "बाबा, कशाला हात लावायचा नव्हता?" मी सांगितलं, सगळं सांगितलं. तिनं कागद उलटा केला, पेन्सिल घेतली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, आणि स्वतःच जाऊन दारावर चिकटवलं.

'हात धुऊन या.'

अजून आहे तो. कडेनं पिवळा पडलाय. त्याच्यावर मी कसलाही कोट मारलेला नाही.